लंडनहून नाशिकला

आपल्या वर्गात एक प्रश्न विचारला, की बरेच हात वर होतात. तुमच्यापैकी कोणाचे वडील, काका किंवा मामा परदेशात नोकरीला आहेत? कोणाचे अब्बा सौदी अरेबियात गाडी चालवतात, कोणाचे चाचा दुबईत विजेचे काम करतात, कोणाचा भाऊ कुवेतला दुकानात आहे. त्यांच्या पैशावर घराची भिंत उभी राहते, बहिणीचे लग्न होते, आजीचे औषधपाणी होते. पण ईदच्या दिवशी घरातील एक जागा रिकामी असते, हेही तुम्हांला ठाऊक आहे.

परदेशात राहावे की आपल्या गावी परतावे? हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एका माणसापुढे तो उभा राहिला होता. त्याला परदेशात राहण्याचे निमंत्रण होते. पगार होता, मान होता, हवी ती साधने होती. तरीही तो परत आला. त्याला त्याची किंमतही मोजावी लागली. त्या माणसाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. सारा देश त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो. आज आपण त्यांची जीवनकथा वाचू आणि मग या प्रश्नाकडे पुन्हा वळू.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. तुम्ही नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याने गेला असाल, तर ब्रह्मगिरीचा डोंगर पाहिला असेल. त्या डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. वडील संस्कृतचे विद्वान होते. त्यांची इच्छा होती, की मुलाने आपल्यासारखेच शास्त्री व्हावे. पण मुलाचा जीव रमे तो रंगांत, चित्रांत आणि नाटकांत. पुढे वडिलांना मुंबईला कॉलेजात शिकवण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला गेले. १८८५ मध्ये धुंडिराजाने जे. जे. कलाशाळेत नाव घातले. तेथून तो बडोद्याच्या कलाभवनात गेला. चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे एकेक हुन्नर त्याने हस्तगत केले.

शिक्षण झाले, तरी पोटाचा प्रश्न सुटला नाही. दादासाहेबांनी गोध्रा येथे फोटो काढण्याचा धंदा सुरू केला. त्याच काळात प्लेगची साथ आली. त्या साथीत त्यांची पत्नी व मूल दगावले. धंदा मोडला. मन खचले. पण ते हातपाय गाळून बसले नाहीत. एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी जादूचे खेळ शिकून घेतले. आपले आडनाव उलटे करून ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने खेळ करू लागले. तुम्ही ‘फाळके’ हा शब्द शेवटाकडून वाचून पाहा, म्हणजे गंमत कळेल. पुढे १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढील कथेत त्यांचा वाटा मोठा आहे.

१९०३ मध्ये दादासाहेबांना पुरातत्त्व खात्यात नकाशे व चित्रे काढण्याची सरकारी नोकरी लागली. तो काळ स्वदेशी चळवळीचा होता. त्यांनी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. नंतर तो मुंबईला दादर येथे नेला. रंगीत छपाईचे नवे तंत्र शिकून यंत्रे आणावीत, म्हणून ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले. हा त्यांचा पहिला परदेश प्रवास. तेथून नवे ज्ञान घेऊन ते परतले. छापखान्याचे नाव झाले, पण भागीदारांशी पटेना. शेवटी, स्वतः वाढवलेला छापखाना सोडून ते बाहेर पडले. वयाची चाळिशी उलटली होती आणि हातात काहीच उरले नव्हते.

१९११ च्या एप्रिल महिन्यात ते गिरगावात एक चलच्चित्र पाहायला गेले. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील तो मूकपट होता. पडद्यावर चित्रे हलत होती, माणसे चालत होती. इतर प्रेक्षक खेळ पाहून घरी गेले. दादासाहेब मात्र दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा तेथे आले. त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता. परदेशी लोक आपल्या कथा पडद्यावर आणतात, तर आपल्या देशातील कथा आपल्याच माणसांनी पडद्यावर का आणू नयेत?

त्या दिवसापासून त्यांना ध्यास लागला. जो मिळेल तो चित्रपट ते पाहत. मिळेल ते पुस्तक वाचत. रात्र रात्र जागत. डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. उपचारांनंतर दृष्टी परत आली. नातेवाईक म्हणू लागले, की याला वेड लागले आहे. मित्रांनो, नवे काम करणाऱ्याला जग आधी वेडा म्हणते आणि नंतर शहाणा म्हणते. मधला काळ त्याला एकट्यानेच काढावा लागतो.

चित्रपट बनवण्याचे तंत्र शिकवणारे मुंबईत कोणी नव्हते. यंत्रसामग्री मिळत नव्हती. परदेशी जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. दादासाहेबांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले.

जरा कल्पना करा. लंडनसारखे अफाट शहर. कडाक्याची थंडी. ओळखीचे कोणी नाही. खिशातले पैसे कर्जाचे. मुंबईत असताना दादासाहेब ‘बायोस्कोप’ नावाच्या इंग्रजी साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. त्या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी त्यांना दिसली आणि ते थेट संपादकांना भेटायला आत गेले. संपादकांचे नाव केबर्न. त्यांनी या पाहुण्याला आधी सावध केले. या धंद्यात इंग्लंडमध्येही अनेकजण बुडाले आहेत, भारतातील हवामानात तो चालणे कठीण आहे, असे त्यांनी समजावले. पण या माणसाची तळमळ पाहून त्यांनी मदतीचा हात पुढे केला. त्यांनी दादासाहेबांची सेसिल हेपवर्थ या चित्रपट निर्मात्यांशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टन येथील आपला स्टुडिओ त्यांना खुला केला. चित्रीकरण कसे होते, फिल्म कशी धुतात, कशी जोडतात, हे सारे दादासाहेबांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले.

येथे थोडे थांबा. परदेशी जाण्याचा मोठा फायदा कोणता, ते येथे दिसते. आपल्या गावी जे शिकायला मिळत नाही, ते तेथे शिकता येते. शिवाय आपला ना नात्याचा ना गोत्याचा असा माणूसही आपल्याला मदत करतो, हा अनुभव येतो. त्या वेळी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. राज्यकर्त्यांच्या त्याच देशात, केबर्न आणि हेपवर्थ या दोघांनी एका अनोळखी भारतीयाला हातचे काही न राखता आपले काम दाखवले. माणसांची पारख त्यांच्या देशावरून करू नये, हा धडा माणूस परदेशात लवकर शिकतो.

कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र अशी सामग्री विकत घेऊन आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून दादासाहेब १ एप्रिल १९१२ रोजी मुंबईला परतले. आता कथाचित्रासाठी भांडवल हवे होते. लोकांचा विश्वास बसावा, म्हणून त्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि कॅमेरा समोर ठेवून रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर पाहताना, बी रुजते, अंकुर फुटतो, वेल वाढतो, हे सारे क्षणात घडल्यासारखे दिसे. हे छोटे चित्र पाहून सावकाराने पैसे दिले. पण ते पुरेनात. तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले. त्या फिल्मला भोके पाडत, फिल्म धुवायला मदत करत आणि काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाकही करत. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटातील तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही. शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने ती भूमिका केली.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी दाखवण्यात आला. लोकांनी गर्दी केली. पूर्ण लांबीचा भारतीय चित्रपट म्हणून त्याचे नाव इतिहासात नोंदले गेले. त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला सगळा संसार आणि कारखाना नाशिकला हलवला. येथील डोंगर, गोदावरीचा घाट, मंदिरे, झाडी हाच त्यांचा रंगमंच झाला. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट तयार झाले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी भूमिका केल्या. पडद्यावर स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करण्याची सुरुवात अशी झाली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९१४ मध्ये दादासाहेब आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. दोन वर्षांपूर्वी ते तेथे शिकायला गेले होते. या वेळी ते आपले काम दाखवायला गेले. तेथील जाणकारांनी त्यांच्या चित्रपटांची वाखाणणी केली. हेपवर्थ यांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. दादासाहेबांनी इंग्लंडमध्येच राहून भारतीय कथांवर चित्रपट काढावेत. सारा खर्च हेपवर्थ करतील. दादासाहेबांना पगार मिळेल आणि शिवाय उत्पन्नात हिस्साही मिळेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? घाईने उत्तर देऊ नका. हातात तराजू घ्या.

एका पारड्यात काय होते, ते पाहा. दरमहा ठरलेला पगार. कर्जाची चिंता नाही. उत्तम यंत्रे, मोठा स्टुडिओ, जाणकार सोबती. जगभर नाव होण्याची संधी. पत्नीला पुन्हा दागिने गहाण ठेवावे लागणार नाहीत. मुलाबाळांचे पोषण नीट होईल. या गोष्टी लहान नाहीत. जे लोक त्यांच्यासाठी परदेशी राहतात, त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. भूक आणि कर्ज काय असते, हे ज्याने सोसले, त्यालाच ते कळते.

दुसऱ्या पारड्यात काय होते? नाशिकचा छोटा कारखाना. तेथे काम करणारी, दादासाहेबांनी स्वतः शिकवून तयार केलेली माणसे. त्यांतील कोणी आधी स्वयंपाकी होता, कोणी आणखी काही काम करत होता. मालक लंडनला राहिला असता, तर या साऱ्यांचे हातातले काम गेले असते. शिवाय ज्या प्रेक्षकांसाठी कथा सांगायची, ते प्रेक्षक येथे होते. लंडनमध्ये राहून भारताच्या कथा काढता आल्या असत्या, पण गोदावरी तेथे नेता आली नसती. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, तेथे दादासाहेब दुसऱ्याच्या कारखान्यात नोकर झाले असते. चित्रपटाचा धंदा आपल्या देशात रुजावा आणि त्यावर आपल्या लोकांनी पोट भरावे, ही त्यांची इच्छा होती. पुढे ‘नवयुग’ मासिकात त्यांनी आपली हकीकत लिहिली, तीतही हीच तळमळ दिसते. त्यांनी हेपवर्थ यांचे आभार मानले, नम्रपणे नकार दिला आणि ते नाशिकला परत आले.

येथे गोष्ट संपली असती, तर सांगायला सोपे झाले असते. दादासाहेब परतले आणि सुखी झाले, असे म्हणून आपण पुस्तक मिटले असते. पण खरे जीवन तसे नसते. त्याच सुमारास पहिले महायुद्ध सुरू झाले. बाजारात पैशाची टंचाई झाली. सावकारांनी हात आखडता घेतला. परदेशातून येणारी फिल्म महाग झाली. दादासाहेब पुन्हा कर्जात सापडले. लंडनच्या पगाराची आठवण त्यांना झाली असेल का? आपल्याला ठाऊक नाही. आपल्याला एवढेच ठाऊक आहे, की त्यांनी काम थांबवले नाही.

१९१७ मध्ये त्यांचा ‘लंकादहन’ प्रदर्शित झाला आणि त्याला अफाट यश मिळाले. या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. १९१८ मध्ये भागीदारांच्या साहाय्याने नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात दादासाहेबांची लहान मुलगी मंदाकिनी हिने कृष्णाची भूमिका केली. पण पुन्हा भागीदारांशी मतभेद झाले. ते सर्व सोडून काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते नाशिकला परतले आणि पुन्हा कामाला लागले.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. हा आपल्या देशातील पहिला बोलपट. त्याची भाषा तुम्हांला घरच्यासारखी वाटेल, कारण ती हिंदी-उर्दू होती. पडदा बोलू लागला आणि मूकपटांचा काळ संपला. दादासाहेब साठीला पोचले होते. १९३७ मध्ये त्यांनी कोल्हापूरच्या कंपनीसाठी ‘गंगावतरण’ हा बोलपट काढला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. शेवटची वर्षे त्यांनी नाशिकमध्ये आर्थिक ओढाताणीत काढली. ज्या धंद्याचे बी त्यांनी पेरले, त्याच्या झाडाखाली इतर श्रीमंत झाले. पेरणारा मात्र उन्हात राहिला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

मग दादासाहेब परत आले, हे चुकले का?

पैशाचा हिशेब केला, तर कदाचित तोटाच झाला. पण दुसरा हिशेबही करून पाहा. त्यांच्यानंतर आपल्या देशात हजारो लोकांना चित्रपटाने काम दिले. त्यांत सुतार आले, रंगारी आले, शिंपी आले, वादक आले, कवी आले. १९६९ पासून भारत सरकार चित्रपटसृष्टीतील श्रेष्ठ व्यक्तींना दादासाहेब फाळके पुरस्कार देते. संगीतकार नौशाद, शायर मजरूह सुलतानपुरी, अभिनेते दिलीपकुमार, कवी गुलजार यांना तो मिळाला आहे. उर्दूवर प्रेम करणाऱ्या या माणसांच्या सन्मानाला त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्र्याच्या मुलाचे नाव आहे, ही केवढी सुंदर गोष्ट आहे!

आता एक दुसरे नाव सांगतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चार भारतीय डॉक्टरांबरोबर चीनला गेले. तेथे युद्ध चालू होते. बाकीचे डॉक्टर परतले. डॉ. कोटणीस जखमींची सेवा करत तेथेच राहिले. ते चिनी भाषा शिकले, एका चिनी परिचारिकेशी त्यांनी विवाह केला आणि डिसेंबर १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. विचार करा, परतलेल्या फाळक्यांनी लावलेल्या झाडानेच न परतलेल्या कोटणिसांची कथा जगाला सांगितली. एकजण परत आला, एकजण तेथेच राहिला. दोघांपैकी चूक कोणाची? कोणाचीच नाही.

म्हणून मी तुम्हांला असे सांगणार नाही, की परदेशी जाऊ नका. तुमच्यापैकी काहीजण उद्या जातील. अवश्य जा. पण जाताना दादासाहेबांप्रमाणे काहीतरी शिकण्याची इच्छा बरोबर न्या. केवळ पैसा आणला, तर तो खर्च होतो. हुन्नर आणला, तर तो वाटता येतो. तेथील माणसांना आपले माना. आणि दरवर्षी एकदा तरी तराजू हातात घेऊन पाहा, की मी येथे का आहे आणि माझ्या घरची रिकामी जागा किती दिवस रिकामी राहणार आहे. उत्तर प्रत्येकाचे वेगळे येईल. प्रश्न मात्र विचारायला विसरू नका.

जे मागे राहतात, त्यांनाही एक सांगायचे आहे. लंडनच्या प्रवासाची कथा सांगताना सरस्वतीबाईंना विसरू नका. परदेशी गेलेल्या प्रत्येक माणसाच्या मागे घर सांभाळणारे कोणीतरी असते. तुमच्या घरी ती तुमची अम्मी असेल किंवा दादी असेल. आज घरी गेल्यावर त्यांना एखाद्या कामात हातभार लावा.

मुंबई-आग्रा महामार्गावर, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. पुढच्या वेळी त्या रस्त्याने जाल, तेव्हा तेथे थोडा वेळ थांबा. ज्या माणसाला लंडन राहा म्हणत होते आणि ज्याने नाशिक निवडले, त्याची आठवण करा.

स्वाध्याय

१. दादासाहेब पहिल्यांदा लंडनला का गेले? तेथे त्यांना कोणी कोणी मदत केली?
२. हेपवर्थ यांनी दादासाहेबांपुढे कोणता प्रस्ताव ठेवला?
३. ‘पेरणारा मात्र उन्हात राहिला,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : हातपाय गाळणे, डोळ्यांत तेल घालून पाहणे, हात आखडता घेणे.
५. तुमच्या ओळखीच्या, परदेशात राहिलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला. तिला तेथे काय मिळाले आणि काय गमवावे लागले, ते दहा ओळींत मराठीत लिहा.